डब्यावर एक, डब्यात दुसरंच

कोथरूडच्या एका तरुण संगीतकाराने विचारलंय. त्यांचा सहा भावगीतांचा अल्बम गुढीपाडव्याला आला, सगळ्या ॲपवर लागला, नातेवाइकांत वाटायला दोनशे सीडीही काढल्या. तीन आठवड्यांनी गायिकेच्या मावशीचा फोन आला: "चौथं गाणं आमच्या मुलीनंच म्हटलंय ना? मग हा आवाज कुणाचा?" ऐकून बघितलं तर चौथ्या गाण्यात गाइड व्हॉइस. म्हणजे गायिकेला चाल कळावी म्हणून ओळखीतल्या एका मुलीकडून आधी म्हणवून घेतलेला कच्चा आवाज, मागे खऱ्या बासरीऐवजी कीबोर्डची बासरी, आणि तेच सगळीकडे गेलेलं. प्रश्न तीन आहेत: हे झालं कसं, इतका गाढवपणा आणखी कुणी केलाय का, आणि आता काय करू?

मधल्यापासून सुरू करतो. त्याने तुम्हाला निदान झोप लागेल.

१९६३ साली अमेरिकन गायक बॉब डिलनच्या दुसऱ्या अल्बममधली, 'द फ्रीव्हीलिन बॉब डिलन'मधली, चार गाणी ऐन वेळी काढून त्या जागी दुसरी चार घालायचं ठरलं. ठरलं खरं, पण जुन्या चार गाण्यांचे साचे शिल्लक होते आणि काही तबकड्या त्यांच्यावरच छापून निघाल्या. लेबल वाचलं तर नवी गाणी, सुई टेकवली तर जुनी. संग्राहक आज त्या प्रतींसाठी जीव टाकतात. दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, त्याच गायकाच्या 'पॉझिटिव्हली फोर्थ स्ट्रीट'च्या काही सिंगलवर लेबल बरोबर लागलं आणि आत भलत्याच गाण्याचा आधीचा टेक गेला. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, टेलर स्विफ्टच्या एका नव्या अल्बमच्या काही तबकड्या लोकांनी घरी नेऊन लावल्या तर त्यातून नव्वदच्या दशकातलं ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीत वाजायला लागलं. २०१४ मध्ये तिचाच गोंधळ आणखी मजेशीर होता. कॅनडातल्या आयट्यून्सवर चुकून 'ट्रॅक ३' नावाची एक फाइल विक्रीला लागली, त्यात आठ सेकंदांची नुसती खरखर, आणि लोकांनी ती विकत घेऊन यादीत पहिल्या नंबरावर नेली. तुमच्या चौथ्या गाण्यात निदान सूर तरी आहे.

बीटल्सचं तर एक अख्खं खातं आहे. 'लव्ह मी डू' १९६२ मध्ये सिंगल म्हणून आलं तेव्हा ड्रमवर रिंगो स्टार होता. पुढच्या वर्षी अल्बममध्ये गेलं ते आठवड्याभराच्या अंतराने केलेलं दुसरं रेकॉर्डिंग, ड्रमवर अँडी व्हाइट नावाचा भाड्याने बोलावलेला वादक आणि रिंगोच्या हातात खंजिरी. दोन्हींत फरक ओळखायची खूण एकच, खंजिरी वाजतेय की नाही. १९६६च्या 'रिव्हॉल्व्हर'च्या मोनो तबकडीचं शेवटचं गाणं साच्यासाठी कोरून झाल्यावर निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी फोन करून सांगितलं, हे नको, दुसरं मिक्स (म्हणजे आवाज आणि वाद्यं एकत्र करून केलेलं रूप) घ्या. तोवर काही प्रती पहिल्या मिक्सच्या निघून गेल्या होत्या. त्या ओळखायच्या तर लेबल वाचून उपयोग नाही. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला नंबर वाचायचा: एक्सईएक्स ६०६, आणि पुढे १.

ही सवय मला जुन्या बाजाराने लावली. बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेत गेलात तर एखादा म्हातारा तबकडी उन्हात तिरपी धरून तिच्या पोटाशी डोळा लावून बसलेला दिसेल. कव्हर त्याने बाजूला टाकलेलं असतं. कव्हर बदलतं, लेबल चुकतं, पण कोरलेला नंबर त्या साच्याबरोबर जन्मलेला असतो. शेजारचे लोक समजतात, हा ओरखडे बघतोय.

आता पहिला प्रश्न, कसं झालं. तुम्ही लिहिलंय की चौघांनी ऐकून फायनल केलं होतं आणि तरीही. तर माझं म्हणणं असं की चौघांनी ऐकलं ते बरोबरच होतं. गडबड ऐकून झाल्यानंतरच्या टप्प्यात होते. स्टुडिओतून बाहेर पडल्यावर गाणं चार-पाच हातांतून जातं आणि त्यातला कुणीही ते ऐकत नाही. प्रत्येक जण वरचं नाव वाचतो आणि पुढे ढकलतो. कारखान्यातल्या माणसाने रोज शंभर तबकड्या ऐकायच्या म्हटलं तर तो वेडा होईल. गाणी ॲपवर चढवणाऱ्या कंपनीचा संगणक फाइलची लांबी, आवाजाची पातळी, कव्हरचा आकार तपासतो. गाइड व्हॉइस आणि खरी गायिका यातला फरक त्याला कोण सांगणार?

ही काळजी या धंद्याइतकीच जुनी आहे. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहर जान यांची पहिली ध्वनिमुद्रणं झाली. त्या तबकड्यांच्या शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. आज आपल्याला ते ऐकून गंमत वाटते, थाट वाटतो. कारण साधं होतं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या कारागिरांना ना भाषा कळत होती ना आवाज, मग कुठल्या साच्यावर कुणाचं लेबल लावायचं ते कळावं म्हणून नाव आवाजातच घालून टाकलं. डब्यावरची चिठ्ठी गळून पडली तरी डब्यातली वस्तू स्वतःचं नाव सांगेल! सव्वाशे वर्षं होत आली, याहून चांगली युक्ती मला अजून सापडलेली नाही.

माझीच गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की मी वरून बोलतोय. साल १९९७. आषाढीच्या आधी अभंगांची एक कॅसेट करायची होती. तेव्हा आम्ही शेवटचं मिक्स डॅट टेपवर उतरवायचो. डॅट म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी डिजिटल कॅसेट, तिच्यात प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला मशिन नंबर टाकतं. शेवटचा अभंग होता. सहाव्या नंबरावर खोटी सुरुवात, पखवाज आधी पडला म्हणून थांबवलेली. सातव्यावर चांगला टेक. गाणारे बुवा म्हणाले, हात गरम आहे तोवर अजून एक घेऊन ठेवू, तो आठवा. आठव्यात त्यांनी मधले दोन चरण उलटसुलट म्हटले. सगळे हसलो, सातवाच ठेवायचं ठरलं आणि डब्यातल्या कागदावर मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: शेवटचा अभंग, नंबर ७.

रात्री निघताना मला वाटलं, ती सहाव्या नंबरवरची खोटी सुरुवात कशाला ठेवायची. तिचा नंबर पुसला आणि मशिनवर 'रीनंबर'चं बटण दाबलं. मशिनने इमानेइतबारे सगळे नंबर पहिल्यापासून नव्याने टाकले. सात झाला सहा, आठ झाला सात. कागद तसाच राहिला.

कॅसेट कॉपी करणाऱ्या माणसाने कागद वाचला, सातवर गेला, उतरवून घेतलं. त्याची काडीची चूक नाही. पंधराशे कॅसेट निघाल्या. पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या, माउलींची भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत, त्या दोन दिवसांत स्टॉलवर हातोहात गेल्या. बुवा स्वतः भवानी पेठेत टपरीवर चहा पीत उभे असताना समोरच्या स्टॉलच्या कर्ण्यातून त्यांचाच आवाज आला आणि दुसऱ्या चरणाच्या जागी तिसरा आला. त्यांनी मला एसटीडी बूथवरून फोन केला. काय बोलले ते इथे लिहीत नाही. बुवा कीर्तनकार होते, शब्दांची कमी नव्हती.

म्हणजे रेकॉर्डिंग बरोबर, निवड बरोबर, कागद लिहिला तेव्हा तोही बरोबर. नंतर डब्यातली वस्तू हलली आणि डब्यावरचं नाव हललं नाही. तुमच्याकडेही हेच झालं असणार, फक्त डबा फोल्डरचा आहे. तुम्ही पाठवलेल्या यादीवरून नावं बघतोय: 'गाणं४ फायनल', 'गाणं४ फायनल नवीन', 'गाणं४ फायनल वापरा हे', आणि सगळ्यात पुढे नुसतं 'गाणं४'. माझा अंदाज सांगतो. नुसतं 'गाणं४' ही गायिका येण्याआधी तिला व्हॉट्सॲपवर पाठवायला काढलेली फाइल आहे. बाकी पाच गाण्यांना शेवटी नुसती 'गाणं१', 'गाणं२' अशी नावं दिलीत, कारण चढवताना नाव स्वच्छ दिसावं. चौथ्याला ते नाव आधीच कुणीतरी घेऊन बसलं होतं. चढवणाऱ्याने सहा सारखी नावं उचलली. मीही तीच उचलली असती.

'फायनल' हा शब्द फाइलच्या नावात मी १५ वर्षांपूर्वी बंद केला. तारीख आणि वेळ लिहा. गाइड असेल तर नावाच्या सुरुवातीलाच 'गाइड' लिहा आणि सुरुवातीच्या मोकळ्या दोन सेकंदांत स्वतःच्या आवाजात "गाइड आहे" असं बोलून ठेवा. हो, गौहर जानसारखं. ज्या फाइलीत बोललेलं ऐकू येतं ती कुणी चुकून चढवली तरी पहिल्याच क्षणी कळतं, तीन आठवड्यांनी मावशींकडून नाही.

कधी कधी गाणं तेच असतं, टेक तोच असतो, तरीही चुकीचं असतं. जॅझ वादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम १९५९ चा. २ मार्चच्या सत्रात मुख्य टेप मशिन किंचित हळू चालत होतं. हळू फिरणाऱ्या फितीवर भरलेलं योग्य वेगाने वाजवलं की ते जलद आणि चढं वाजणार. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी साधारण पाव स्वर चढी छापली गेली. पहिलं गाणं आपल्या भाषेत, म्हणजे पेटीच्या पट्ट्यांत, पांढरी दोनमधलं, ते पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लोंबकळायचं. तीस वर्षांहून जास्त काळ जगभरची पोरं तबकडी लावून सोबत वाजवायला बसायची आणि आपलंच वाद्य उतरलंय असं समजून पिळत राहायची. त्या दिवशी दुसरं मशिनही चालू होतं, राखीव प्रतीसाठी, आणि ते बरोबर वेगात होतं. त्या फितीवरून नव्वदच्या दशकात दुरुस्ती झाली. दुसरं मशिन नसतं तर आजही तीच चढी बाजू 'बरोबर' म्हणून वाजत असती.

डिजिटलमध्ये याची सख्खी बहीण आहे. सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेऊन काढलेली फाइल कुठल्याशा सॉफ्टवेअरने ४४.१ हजारांची समजून वाजवली की पाच मिनिटांचं गाणं साडेपाच मिनिटांच्या जवळ जातं आणि जवळजवळ दीड अर्धस्वर उतरतं. काळी एकची गायिका पांढरी सात आणि पांढरी एकच्या मध्ये घोगऱ्या आवाजात गाऊ लागते. व्हिडिओवाल्यांकडून परत आलेल्या फाइलीत हे मी वारंवार बघितलंय. तपासायला हार्मोनियम पुरते. षड्ज लावा आणि बघा बसतोय का.

तुमच्या बाबतीत आधी हे शोधा की चूक नेमकी कुठल्या हातात झाली, कारण त्यावर पैसे कोण भरणार ते ठरतं. ॲपवर आज वाजतंय ते ऐका. चढवणाऱ्या कंपनीच्या खात्यात आत जाऊन त्यांच्याकडे पडलेली मूळ फाइल उतरवा. मेलने किंवा ड्राइव्हवर तुम्ही पाठवलेली फाइल काढा. आणि स्टुडिओतली. आता यातल्या दोन-दोन फाइली एकमेकींविरुद्ध लावायच्या, आणि ते कानाने नाही. सॉफ्टवेअरमध्ये दोन फाइली एकाखाली एक ठेवा, सुरुवात केसाइतकीही मागेपुढे नको, मग एकीचा फेज उलटा करा, म्हणजे तिच्या लाटेतले चढ-उतार उलटे करा, आणि दोन्ही एकदम वाजवा. फाइली हुबेहूब एक असतील तर एकमेकींना खाऊन टाकतात आणि पूर्ण शांतता होते. जे काही ऐकू येईल तो दोघींतला फरक. बासरीचं मिक्स बदललं असेल तर शांततेतून नुसती बासरीच भुतासारखी वाजते. मला इतक्या वर्षांनंतरही तो प्रकार ऐकताना अंगावर काटा येतो. ॲपवरचा आवाज दाबून लहान केलेला असतो, म्हणून तिथे थोडी सळसळ उरणारच, तिला घाबरू नका.

मग बदलायचं कसं. चढवणाऱ्या कंपनीला लेखी कळवा की चौथ्या गाण्याची ऑडिओ चुकीची गेली आहे, बदलून हवी. फोनवर बोलून थांबू नका, मेल करा, आणि मेलमध्ये गाण्याचा आयएसआरसी नंबर घाला. तो बारा अक्षर-अंकांचा नंबर त्या रेकॉर्डिंगची ओळख असतो, गाण्याची नाही. वेगळ्या गायिकेने म्हटलेलं म्हणजे वेगळं रेकॉर्डिंग, त्याला वेगळा नंबर लागतो. तुमचा नंबर तुम्ही कुणासाठी घेतला होता? नोंदवताना गायक म्हणून मुख्य गायिकेचं नाव दिलंत ना? मग तो नंबर तिच्या रेकॉर्डिंगचा, आणि गाइडवाली फाइल त्याखाली घुसलेली उपरी. हे मेलमध्ये सरळ शब्दांत लिहा. त्यांचे नियम त्यांचे, काही नव्या नंबरावर अडून बसतात. तसं झालं तर आत्तापर्यंतचे ऐकणारे गेले असं समजून पुढे जा. तीन आठवड्यांचे आकडे काही जन्माचे नसतात.

यूट्यूबवर वेगळी अडचण आहे. तुम्ही स्वतः टाकलेल्या व्हिडिओचा दुवा तोच ठेवून आतली फाइल बदलता येत नाही. जुना खासगी करा, नवा टाका, आणि ज्या ज्या काकांना दुवा पाठवलाय त्यांना परत पाठवा. सीडीच्या दोनशे प्रतींतल्या किती घरात उरल्यात ते मोजा. वाटलेल्या परत मागू नका. कुणी परत करत नाही, आणि मागितल्यावरच त्यांना कळतं की आपल्याकडे काहीतरी मजेदार आहे.

एक गोष्ट तुम्ही कुठेच लिहिली नाहीत, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. त्या गाइड म्हणणाऱ्या मुलीला तुम्ही कळवलंय का? तिचा आवाज तिला न विचारता, दुसरीच्या नावाखाली, तीन आठवडे सगळीकडे वाजतोय. कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्या कलाकाराचे स्वतःचे हक्क आहेत, २०१२च्या दुरुस्तीने ते आणखी भक्कम झालेत, पण कायद्याच्या आधी साधी माणुसकी आहे. तिने तासाभरात, बहुतेक चहाच्या मोबदल्यात, चाल म्हणून दिली असेल. आणि मुख्य गायिकेच्या बाजूने बघा, तिच्या नावावर दुसरीचा आवाज आहे, तोही कच्चा. दोघींना वेगवेगळा फोन करा, मेसेज नको.

आता एक अवघड सल्ला. बदलण्याआधी गाइडवालं गाणं एकदा पूर्ण ऐका, डोळे मिटून, चूक म्हणून नाही तर गाणं म्हणून. हे का सांगतोय?

१९६९ मध्ये 'ॲबी रोड'च्या वेळी पॉल मॅकार्टनी यांनी सलग जोडलेल्या गाण्यांच्या मधून 'हर मॅजेस्टी' नावाचं तेवीस सेकंदांचं गाणं काढून टाकायला सांगितलं. जॉन कर्लँडर या मदतनिसाने फीत कापली. पण बीटल्सचं काहीही फेकायचं नाही अशी त्याला ताकीद होती. त्याने जमिनीवरून तो तुकडा उचलला, मध्ये कोरी फीत लावून रिळाच्या अगदी शेवटी चिकटवून ठेवला. दुसऱ्याने नमुना तबकडी कोरताना रीळ होतं तसं सगळं तिच्यावर उतरवलं. ती ऐकताना अल्बम संपला, शांतता झाली, आणि मग अचानक ते गाणं आलं. मॅकार्टनी यांना ते आवडलं आणि तसंच ठेवलं गेलं. आजही नीट ऐकलंत तर त्याच्या सुरुवातीला, मूळ जागी त्याच्या आधी असलेल्या गाण्याचा शेवटचा दणका आहे आणि त्याचा स्वतःचा शेवटचा स्वर नाहीच, कारण तो कात्रीच्या पलीकडे राहिला. कात्रीच्या खुणांसकट ते गाणं जगाने आपलं मानलं.

पुण्यात याचा एक घरगुती नमुना आहे, जरी तो चुकीचा म्हणता येणार नाही. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांची छप्पन्न गीतं, सुधीर फडके यांचं संगीत, आठवड्याला एक. रेडिओवर ती वेगवेगळ्या गायकांनी म्हटली होती. पुढे तबकड्यांचा संच निघाला तो बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात. माझी आई रेडिओवाली, वडील तबकडीवाले. घरात कुणी गुणगुणायला लागलं की दुसरा म्हणायचा, "असं नाहीये ते." दोघांचंही बरोबर होतं, ज्याने जे पहिल्यांदा ऐकलं ते त्याचं मूळ. ७८च्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटंच मावायची म्हणून सिनेमातली गाणी तबकडीसाठी आखूड करून पुन्हा म्हणवली जायची. त्या दोन रूपांचंही तसंच. आणि झंकार बीट्सवर, म्हणजे जुन्या गाण्यांवर वरून ठोके चढवलेल्या कॅसेटींवर, वाढलेल्या पिढीला मूळ गाणं ऐकवलं तर ती विचारते, ढोलक कुठे गेला? त्यावर मी बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

म्हणून चुकीचं गाणं कुठलं, हे ठरवताना मी एकच विचारतो: करणाऱ्याने कुठलं द्यायचं ठरवलं होतं. तुम्ही गायिकेचं ठरवलं होतं, तेव्हा तेच जायला हवं, यात मला शंका नाही. पण तुमच्याच पत्रात ओझरता उल्लेख आहे की चौथं गाणं सगळ्यांत जास्त ऐकलं गेलं आणि दोघा-तिघांनी "आवाज किती साधा लावलाय" असं मुद्दाम कळवलं. ते दोघे-तिघे चुकीचं ऐकत नव्हते. मिक्स मी ऐकलंय. कीबोर्डची बासरी भिकार आहे, मात्र दुसऱ्या अंतऱ्यात ती मुलगी जिथे श्वास घ्यायला थांबते तिथे काहीतरी होतं, आणि ते गायिकेच्या सफाईदार टेकमध्ये होत नाही. दोघींची तयारी असेल तर गायिकेचं गाणं जागेवर बसवा आणि हे नंतर वेगळं, वेगळ्या नंबरावर, तिच्या नावाने, तिला पैसे देऊन काढा. बासरी खरी वाजवून घ्या. एकीचीही तयारी नसेल तर विषय संपला, पुसून टाका.

बुवांच्या अभंगाचं पुढे काय झालं ते राहिलं. दुसऱ्या खेपेला आम्ही दुरुस्त कॅसेट काढली. चार-पाच वर्षांनी हडपसरला एका बायकांच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग होतं. त्यांनी तोच अभंग घेतला, आणि मधले दोन चरण उलटे. मी काचेमागून माइक दाबून म्हणालो, "ताई, दुसरा चरण राहिला." पेटीवरच्या आजींनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "राहिला कसा? पुढं येतोय की. आम्ही कॅसेटीवरनं बसवलाय, बुवांनी असाच म्हटलाय." मी गप्प बसलो आणि लाल दिवा लावला.

शनिवारी दुपारी दोननंतर मी स्टुडिओत मोकळा आहे. या, फाइली समोरासमोर लावून बघू. येताना 'फायनल' नावाचं फोल्डर तेवढं पेनड्राइव्हवर घालून आणू नका, सगळी हार्ड डिस्क आणा. आणि मावशींना जमत असेल तर त्यांनाही.